न वरची लाट

कारखान्याच्या ओळखपत्रावर माझं आडनाव पेना.
खरं ते पेन्या.
आमच्यात न च्या डोक्यावर एक छोटीशी लाट असते,
कुणी एकच भुवई उंचवावी तशी.
यंत्राला ती छापता येत नाही.
पेन्या म्हणजे खडक. पेना म्हणजे दुःख.
नऊ वर्षं गळ्यात दुःख अडकवून
मी मांसाच्या पट्ट्यासमोर उभी राहते,
आणि मुकादम म्हणतो, काय फरक पडतो, नेरेइदा,
पगार तर त्याच नावावर जमा होतो ना?

होतो.

हे एका रात्री फोनवर लिहिलं,
पाळी सुटल्यावर, गाडी तापायची वाट बघत.
बोटांना अजून ब्लीचचा वास.
ओळखपत्राचा फोटो टाकला आणि खाली विचारलं:
तुमचं काय काय गळलं?

सकाळपर्यंत अख्खं गाव बोलत होतं.
कॅन्ससमधलं गाव. दोन चर्च, एक कारखाना,
वारा फिरला की गुरांचा वास थेट उशीपर्यंत.
ब्रिसेन्योंची लाट गेलेली.
एलेउतेरियोचा टेरी झालेला, त्याला विचारलंही नव्हतं.
गुमेर्सिंदाबाई तीन कागदांवर तीन वेगळ्या बायका,
आणि त्यांतल्या एकीलाच पेन्शन.

मग कुणीतरी लिहिलं, आपण लातिनो लोकांनी आता एकत्र येऊन
आणि तिथेच ठिणगी पडली.
लातिनो कोण? मी हिस्पॅनिक,
तीस वर्षं त्याच चौकोनात खूण करतोय.
आम्ही टेक्सासचे, मला तर स्पॅनिशमध्ये
धड शिवीही देता येत नाही, मग मी कोण?
माकारियोची कॉलेजात जाणारी पोर म्हणाली,
शब्दाच्या शेवटी एक्स लावा, म्हणजे सगळे मावतील.
माकारियोने तिला तिथेच, सगळ्यांदेखत, लिहिलं:
माझ्या बापाला सही येत नव्हती, तो फुली मारायचा.
ती फुली पुसायला तुला शिकवलं मी.

तोमासा ग्वातेमालाची. ती कधीच काही लिहित नाही.
तिने लिहिलं: माझी भाषा किचे.
स्पॅनिश मी तुमच्याकडून शिकले, इथेच, पट्ट्यावर.
मला कुठल्या चौकोनात बसवता?

यावर बराच वेळ कुणाचं उत्तर नाही.
लिहिणाऱ्याचे तीन ठिपके हलायचे, थांबायचे,
पुन्हा हलायचे.

दोनशे सहावी ओळ रेफुहिओबाईंच्या नातवाची:
आजीचा बॉयलर बंद पडलाय. नळात बर्फ झालाय.
बस. पत्ता दिलाच नाही,
कारण तो कुणाला ठाऊक नव्हता?

मी पोचले तर दारात आधीच सात गाड्या.
हिस्पॅनिकने हीटर आणलेला. पोरीने गोधड्या.
तिचा बाप बॉयलरखाली पालथा, दातांत बॅटरी,
दोन भाषांत पुटपुटत.
आणि तोमासा म्हातारीचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती.
ती किचेत बोलत होती, म्हातारी सिनालोआच्या स्पॅनिशमध्ये,
दोघींनाही एकमेकींचं ओ की ठो कळत नव्हतं
आणि गप्पा मात्र रंगलेल्या.

रेफुहिओ म्हणजे आसरा.
हे नाव कागदांवर बिनचूक छापलं जातं.

मला वाटलं, मिटलं भांडण.
छे! बॉयलर धडधडला, दालचिनी घातलेली कॉफी उकळली,
माकारियो काळे हात पुसत उठला आणि म्हणाला,
तर मी काय सांगत होतो, त्या फुलीचं...
रात्री साडेअकरापर्यंत.
म्हातारी मध्येच झोपून गेली.

सोमवारी मी नखांच्या लाल रंगाने
ओळखपत्रावर लाट काढली. थोडी वाकडीच.
मुकादमाने विचारलं, हे काय?
म्हटलं, खडक.

ब्लीचने ती गुरुवारपर्यंत जाते.
रविवारी स्वयंपाकघरात बसून मी पुन्हा काढते.
परवा तोमासाने आपलं कार्ड पुढे केलं.
म्हणाली, माझ्या नावात लाटबिट काही नाही,
पण काढ एक.